फारकत आणि बेबाकी

'अमक्याने पक्षाशी फारकत घेतली' असं वाचलं की आपल्या मनात भांडण येतं, काडीमोड येतो. मूळ शब्द एवढा कडू नाही. 'फारिग' म्हणजे मोकळा आणि 'खत' म्हणजे लिहिलेला कागद. देणं फिटलं, आता तुझ्यावर माझा हक्क नाही, असं घेणेकऱ्याने लिहून दिलं की ती फारखत. तिचीच बहीण बेबाकी, म्हणजे बाकी नसणं. सोसायटीचा बेबाकी दाखला आपल्या परिचयाचा आहेच.

गंमत बघा, दोन्हींत फेडणारा एक आणि 'फिटलं' असं लिहिणारा दुसरा!

नाटे, जैतापूर हा राजापूर तालुक्यातला खाडीकाठ. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोती होती. खोत सरकारात सारा भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. पिकाचा वाटा द्यायचा, वर वेठीला राबायचं. हिशेब खोताच्या घरी, आणि बहुतेक कुळांना अक्षर ओळखता येत नसे. मग आपण मोकळे झालो हे त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकायचं?

१८८० च्या खोती कायद्याने कुळांचे हक्क आणि देणी सरकारी दप्तरात आली, पण खोत राहिलाच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक मात्र मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, १९५० मध्ये.

तुम्ही म्हणाल, सुटलं कूळ. पण जमीन कसणाऱ्याची व्हायला १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, उजाडावा लागला. त्या दिवशी कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. तरी पुढे कलम ३२ ग खाली किंमत ठरायची, ती भरायची, आणि मग ३२ म चं प्रमाणपत्र. तोच खरेदीचा निर्णायक पुरावा. नोटीस आल्यावर कूळ हजर राहिलं नाही, किंवा 'घ्यायची नाही' म्हणालं, तर खरेदी निष्फळ ठरू शकत होती. घरातला कर्ता पुरुष मुंबईत गिरणीत आणि नोटीस गावच्या ओटीवर, अशा घरांचं काय झालं असेल याचा विचार करा. खोताचा भिडस्तपणा तर वेगळाच. पिढ्यान् पिढ्या ज्याच्या अंगणात वाकून उभं राहिलो, त्याची जमीन 'मला हवी' असं मामलेदारासमोर म्हणायला छाती लागते.

म्हणून मला वाटतं, मोकळं होणं ही एका तारखेची गोष्ट नसते. कायदा देणं रद्द करतो, पण ते रद्द झाल्याचं ऋणको स्वतः वाचू शकतो तेव्हाच खरी फारखत होते.

असो. कोकणात तुमची कुळाची जमीन असेल तर सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना एकदा जरूर वाचा. आजोबांची फारखत अजून कुठेतरी अडकलेली असू शकते.