गॅलाथिया उपसागर

ग्रेट निकोबार बेटाच्या दक्षिण टोकाजवळ, गॅलाथिया नदीच्या मुखाशी असलेली निर्जन पुळण. १८४६ मध्ये निकोबारला आलेल्या ‘गॅलाथिया’ या डॅनिश जहाजाचे नाव या नदीला व उपसागराला मिळाले. येथे जाण्यासाठी श्रीविजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथून जहाजाने आधी कॅम्बेल बे गाठावे लागते. बेटावरील आदिवासी राखीव क्षेत्रात परवान्याविना प्रवेश नाही.

लेदरबॅक या जगातील सर्वांत मोठ्या सागरी कासवाचे हे भारतातील प्रमुख विणीचे स्थान होय. हिवाळ्यात मादी रात्रीच्या अंधारात भरतीरेषेच्या वर येते, मागील पायांनी खड्डा खणते आणि अंडी घालून तो बुजवते. सुमारे दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्रावरील फिकट उजेडाच्या दिशेने चालू लागतात. किनाऱ्यावरचा कृत्रिम प्रकाश त्यांना भलतीकडे नेतो. गोव्यात मोरजी, आगोंद व गालजीबाग येथे विणणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांनाही हाच धोका आहे. म्हणून विणीच्या हंगामात तेथे विजेरी व शेकोटी वर्ज्य मानावी.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भूभाग खचून ही पुळण वाहून गेली. पुढे लाटांनी पुन्हा वाळू आणली आणि कासवे परतली. १९९७ मध्ये घोषित झालेले येथील अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नियोजित मालवाहू बंदरासह मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. भरावाखाली गेलेली वाळू मात्र लाटांना परत आणता येणार नाही.