बोरू आणि तोफ

गेल्या वर्षी विवाहपूर्व शिबिरासाठी आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयातर्फे एक लहानसे इंग्रजी पत्रक छापून घेतले. विवाहासंबंधीचे ख्रिस्तसभेचे नियम त्यात एका पानात दिले होते. थोरल्या बहिणीच्या लग्नाची चौकशी करण्यास आईबरोबर आलेली, इंग्रजी माध्यमातून नववीत शिकणारी एक मुलगी त्या पत्रकाच्या शीर्षकावर बोट ठेवून म्हणाली, "फादर, लग्नाला तोफेचा कायदा कशाला?" पाहतो तो ‘कॅनन लॉ’मधील ‘कॅनन’ला मध्ये एकाऐवजी दोन ‘एन’ पडलेले! मुद्रिते आम्हीच तपासली होती, त्यामुळे छापखान्याला दोष देण्याचीही सोय नव्हती.

उच्चार तंतोतंत एक, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि अर्थ मात्र दोन ध्रुवांवरचे. एक ‘एन’ असलेला ‘कॅनन’ म्हणजे नियम, प्रमाण. दोन ‘एन’ असलेला ‘कॅनन’ म्हणजे तोफ. वाचकहो, हे दोन शब्द योगायोगाने सारखे दिसतात असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो. वास्तविक ते एकाच बेटातले आहेत.

ते बेट बोरूचे. इब्री भाषेत बोरूला, वेताला ‘काने’ म्हणतात. संदेष्टा यहेज्केल याला दृष्टांतात जो पुरुष मंदिर मोजताना दिसतो, त्याच्या हाती सहा हात लांबीचा बोरूच असतो. पोकळ, हलका, सरळ वाढणारा हा दांडा मोजमापाला सोयीचा. पूर्वेकडून हा शब्द ग्रीकमध्ये ‘कान्ना’ होऊन गेला आणि त्यापासूनच सुताराच्या व गवंड्याच्या सरळ पट्टीला ‘कानोन’ हे नाव पडले असे भाषापंडित मानतात. पट्टीवरून नियम हा अर्थ सहज आला. संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ‘या नियमाने चालणारे’ असे म्हणतो, तेथे मूळ ग्रीकमध्ये ‘कानोन’ हाच शब्द आहे.

पुढे ख्रिस्तसभेने या शब्दाला किती कामे लावली! इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने वीस नियम केले, ते वीस ‘कॅनन’. संत अथानासियसने ३६७ च्या आपल्या पास्काकालीन पत्रात नव्या करारातील सत्तावीस पुस्तके नावानिशी सांगितली. प्रमाण ग्रंथांच्या अशा यादीलाही ‘कॅनन’ म्हणतात. मिस्सामधील जुन्या रोमन कृतज्ञता-प्रार्थनेचे नाव ‘कॅनन’. महामंदिराशी जोडलेल्या, नियमबद्ध धर्मसेवकालाही ‘कॅनन’च म्हणतात, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकस हा पोलंडमधील फ्रॉमबोर्क येथील असाच एक ‘कॅनन’ होता. आणि संतांच्या प्रमाण यादीत नाव घालणे ते ‘कॅननायझेशन’, म्हणजे संतपद देणे. (छायाचित्रकारांच्या परिचयाचा जपानी ‘कॅनन’ कॅमेरा मात्र या घराण्यातला नव्हे. १९३४ मध्ये त्याच्या पहिल्या नमुन्याला ‘क्वानोन’ हे करुणेच्या बौद्ध देवतेचे नाव दिले होते. पुढे त्याचे ‘कॅनन’ झाले.)

बोरूची दुसरी फांदी पोकळपणाकडे वाढली. लॅटिनमध्ये ‘कान्ना’ म्हणजे नळी. तिच्यापासूनच आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी रुळलेला ‘कॅनॉल’ आला. इटालियन भाषेत मोठी नळी ती ‘कान्नोने’. चौदाव्या शतकात युरोपात दारूगोळा उडवू लागलेल्या धातूच्या नळीला हेच नाव मिळाले. इंग्रजीत दोन्ही शब्द कितीतरी काळ कसेही लिहिले जात. एकाला एक ‘एन’ आणि दुसऱ्याला दोन ही वाटणी पक्की झाली ती साधारण १८०० च्या सुमारास. फ्रेंच भाषेत ती आजही झालेली नाही. तेथे नियम आणि तोफ दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहितात. म्हणजे आमच्या पत्रकातील चूक पॅरिसमध्ये चूक ठरली नसती! मराठीला हा घोटाळा ठाऊक नाही, कारण आपली ‘तोफ’ तुर्कीतून आली.

शब्दांची वाटणी इतक्या उशिरा झाली. इतिहासात ती केव्हा झाली, हा प्रश्न आम्हाला अधिक अवघड वाटतो. आणि आपण वसईकर तो शब्दकोशावर सोडून देऊ शकत नाही. शेजारी, सहकारी, कधी महाविद्यालयातील मित्र आपल्या मुलांना विचारतातच, "तुमचा धर्म तोफेबरोबर आला ना?" मुले घरी येऊन आपल्याला विचारतात, आणि आपण बहुधा विषय बदलतो.

विषय न बदलता पाहू. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे जो कोट उभा राहिला, त्याच्या एकाच तटाआत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेज्वीट यांची मंदिरे होती आणि त्याच तटावर तोफा होत्या. नियम सांगणारा आणि बत्ती देणारा एकाच गलबतातून उतरले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. तिने ठरावात स्पष्ट म्हटले की, कोणालाही बळाने किंवा धाकाने श्रद्धेकडे व बाप्तिस्म्याकडे आणणे योग्य नाही. केवढा सरळ बोरू! पण त्याच परिषदेने पोर्तुगीज मुलखातील देवळे व अन्य धर्मांचे पुरोहित यांच्याविरुद्ध राजसत्तेने कठोर पावले उचलावीत अशीही मागणी केली. एका हाताने पट्टी धरली आणि दुसऱ्या हाताने बत्ती पुढे केली. गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० पासूनच बसले होते, आणि मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. सेमिनरीत आम्हाला धर्मपरिषदांच्या तारखा पाठ करविल्या गेल्या. हा भाग मात्र तारखांच्या ओघात भराभर मागे पडला. तो तसा मागे पडू द्यायला नको होता असे आज वाटते.

परंतु याच वसईत त्याच शतकात गोन्सालो गार्सिया जन्मला. वडील पोर्तुगीज, आई येथील. कोटातील जेज्वीट गुरूंकडे त्याचे शिक्षण झाले, त्यांच्याबरोबर किशोरवयातच तो जपानला गेला आणि जपानी भाषा उत्तम बोलू लागला. जेज्वीट संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. काही काळ त्याने व्यापार केला, मग मनिला येथे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी म्हणून पुन्हा जपानला पोहोचला. हिदेयोशीच्या दरबारात दोन्ही बाजूंचे शब्द त्याच्या तोंडून जात.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. माल जप्त होऊ लागला, तेव्हा गलबताच्या सुकाणूने नकाशा पुढे करून आपल्या राजाच्या साम्राज्याची बढाई मारली. आधी धर्मगुरू जातात आणि मागून सैन्य येते, असे तो बोलून गेला, अशी हकीकत सांगितली जाते. तो नेमके काय बोलला आणि दोष कोणाचा, यावर फ्रान्सिस्कन व जेज्वीट पुढे पुष्कळ वर्षे भांडले. हिदेयोशीला एवढा संशय पुरेसा होता. डिसेंबरात धरपकड झाली. बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांना गावोगाव फिरवण्यात आले, ऐन हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत चालविण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेज्वीट आणि सतरा प्रापंचिक भाविक होते.

आमच्या वसईच्या या दुभाष्याकडे तोफ नव्हती, तलवारही नव्हती. दुसऱ्याच्या तोफेची बढाई त्याला भोवली. नियम आणि तोफ एकाच राजाच्या सेवेत आहेत, ही समजूत हिदेयोशीला आकाशातून झाली नव्हती. आपल्याच बाजूच्या माणसांनी ती खरी वाटावी असे वागून ठेवले होते. ८ जून १८६२ रोजी पोपमहोदय नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले. एक ‘एन’च्या ‘कॅनन’मध्ये नोंदला गेलेला भारतात जन्मलेला तो पहिला संत.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा कोट पडला. तटावरच्या पोर्तुगीज तोफा थंडावल्या, फिरंगी शिबंदी निघून गेली. मागे राहिले ते शेतकरी, मासे मारणारे, बागाईत करणारे ख्रिस्ती, आणि त्यांच्यासाठी येणारे एतद्देशीय धर्मगुरू. श्रद्धा सोडू नका असे धमकावणारा कोणी उरला नव्हता, तरी वसई-साष्टीतील ख्रिस्ती गावे राहिली. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला हे अर्धे उत्तर आहे. ते देताना गोव्याच्या परिषदेचे दुसरे अर्धेही सांगावे, नाहीतर मुले ते इतरांकडून ऐकतील आणि आपले पहिले अर्धेही त्यांना खोटे वाटेल. कोटातील येशूच्या पवित्र नावाचे जेज्वीट मंदिर आज संत गोन्सालोच्या नावाने ओळखले जाते. धर्मशिक्षणाची सहल तेथे नेतो तेव्हा आम्ही हे दोन्ही सांगू लागलो आहोत. एकदोन पालकांना ते रुचले नाही.

१९१७ च्या धर्मसंहितेत २४१४ ‘कॅनन’ होते, १९८३ च्या संहितेत १७५२ आहेत. त्यांतील ७४८ वा सांगतो की कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडणे कधीही उचित नाही. १५६७ च्या गोव्यातील ठरावात जे होते तेच. फक्त शेजारी राजसत्तेकडे केलेली मागणी नाही.

पत्रकाच्या उरलेल्या प्रती फेकून देणे परवडणारे नव्हते. त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना एका रविवारी मिस्सानंतर कार्यालयात बसवून आम्ही प्रत्येक प्रतीवरचा जादा ‘एन’ बॉलपेनने खोडून घेतला. शाई थोडी पसरली आहे, पण वाचता येते.