मात्रा चालेनाशी झाली

'मात्रा चालेना' हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत वैद्याच्या बटव्यांतून आला. पुढें तो हट्टी मुलापासून कर्जबुडव्या कुळापर्यंत सर्वांस लागूं झाला, आणि त्याचा मूळ अर्थ लोक जवळ जवळ विसरून गेले. आतां तो अर्थ पुन्हां आठवण्याची वेळ आली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ज्या औषधांनीं मनुष्याच्या आयुष्याची मुदत वाढविली, त्या प्रतिजैविकांस, म्हणजे बाजारांत ज्यांस अँटिबायोटिक म्हणतात त्यांस, कित्येक रोगांचे जंतु जुमानीनासे झाले आहेत. २०१९ या एकाच वर्षीं जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें या कारणानें मरण पावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या घटनेचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेच्या बाजूनें सांगितला जातो. आम्ही तो येथें साकीनाक्याच्या बाजूनें पाहणार आहों. कारण आमच्या मतें या संकटाचें मूळ जितकें जंतूंत आहे, तितकेंच मोरींत आणि भिंतींत आहे.

अंधेरीहून कुर्ल्यास जाणाऱ्या रस्त्यावर साकीनाका लागतो. २०१४ सालापासून मेट्रो त्याच्या डोक्यावरून धांवते आणि विमानें तिच्याहि वरून जातात. खालीं खैरानी रोड, जरीमरी, असल्फा या बाजूंस शिवणकामाचे, धातुकामाचे, प्लास्टिकचे, भंगाराचे गाळे आहेत, आणि पुष्कळदां त्या गाळ्यांवरच माळा काढून राहणारीं माणसें आहेत. विहार व पवई या तलावांचें वाहून आलेलें पाणी घेऊन मिठी नदी याच बाजूनें पुढें जाते. ती येथें नदी म्हणून ओळखूं येत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

गंमत अशी, कीं मुंबईच्या पाण्याचा सगळा इतिहास या टापूच्या आसपास घडला. विहारचें पाणी १८६० सालीं नळानें मुंबईस पोंचलें. पवईचा तलाव १८९१ सालीं पुरा झाला, पण त्याचें पाणी पिण्यास वाईट ठरलें. १८९२ सालीं तानसा आला, आणि त्याचे प्रचंड नळ घाटकोपर-कुर्ल्याकडून शहरांत गेले. पटकी किंवा विषमज्वर यांवर त्या काळीं कोणतेंच खात्रीचें औषध नव्हतें. औषध नव्हतें म्हणूनच शहराला पाण्यावर पैसा खर्च करणें भाग पडलें. परंतु ज्यांच्या दारावरून हें पाणी गेलें त्यांच्या वांट्यास तें आलें नाहीं. साष्टींतील हीं खेडीं तेव्हां मुंबईच्या हद्दीबाहेर होतीं. १९५० सालीं अंधेरी-कुर्ला हा भाग महापालिकेंत आला, कारखाने आले, कारखान्यांमागून कामकरी आले. मोरी मात्र मागें राहिली. तिच्याआधीं गोळी येऊन पोंचली.

गोळी आली ती चांगल्या हेतूनें आली, हें सांगितलेंच पाहिजे. स्वतंत्र भारताच्या सरकारनें पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापिली आणि पेनिसिलिन स्वदेशांत होऊं लागलें. न्युमोनियाचा रोगी उठून बसलेला पाहून त्या पिढीस चमत्कार वाटला असल्यास नवल नाहीं. धोक्याची सूचनाहि तोंपर्यंत देऊन झालेली होती. पेनिसिलिनचा शोध लावणारे फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या डिसेंबरांत नोबेल व्याख्यानांतच सांगितलें होतें, कीं अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, ते निर्ढावतात. पण अपुरी मात्रा कां घेतली जाते, हें लंडनांतून दिसण्यासारखें नव्हतें. साकीनाक्याच्या गाळ्यांत रोजावर राबणारा मनुष्य ताप उतरतांच कामावर जातो, कारण न गेला तर त्या दिवसाचा रोज बुडतो. पुन्हां दवाखान्यांत जाण्याचे व पुढच्या गोळ्यांचे पैसेहि वांचतात. सुशिक्षित मंडळी त्याच्या अज्ञानास हंसतात. आम्हांस तर त्याचा हिशेब बिनचूक दिसतो. चुकतो तो शहराचा हिशेब.

विषमज्वराचीच हकीकत घ्या. हा रोग दूषित पाण्यांतून व अन्नांतून येतो. क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध १९४८ च्या सुमारास त्यावर लागूं पडलें. १९७२ सालीं केरळांत त्या औषधास न जुमानणाऱ्या जंतूंची सांथ झाली. १९९० च्या आगेंमागें भारतांत एकदम तीन जुन्या औषधांस निर्ढावलेला विषमज्वर पसरला. तेव्हां सिप्रोफ्लॉक्सासिन पुढें केलें, आणि तेंहि कांहीं वर्षांत बोथट झालें. २०१६ सालीं सिंधमधील हैदराबादेंत जो विषमज्वर उद्भवला त्याच्यावर सेफ्ट्रायाक्सोनहि चालेना; तोंडानें घेण्याजोगें एक अ‍ॅझिथ्रोमायसिन तेवढें उरलें. एक औषध थकलें कीं दुसरें, दुसरें थकलें कीं तिसरें, असा हा सत्तर वर्षांचा क्रम आहे, आणि या सर्व काळांत जंतूची वाट, म्हणजे नळाशेजारची मोरी, जशीच्या तशी राहिली. याला एक अपवाद आमच्या शेजारींच घडला. २०१८ सालीं नवी मुंबई महापालिकेनें विषमज्वराच्या नव्या लसीची मोहीम काढून एक लाखाहून अधिक मुलांस ती टोंचली. सरकारी यंत्रणेनें ही लस अशी सार्वत्रिक देण्याचा जगांतील तो पहिलाच प्रयोग होता. रोग होऊं न देणें हाच औषध वांचविण्याचा खरा मार्ग होय, हें खाडीपलीकडच्या त्या शहरास कळलें होतें.

आणि मग २०२० सालीं कोविडची सांथ आली. हा रोग विषाणूचा. प्रतिजैविकांचा विषाणूशीं कांहींएक संबंध नाहीं. तरीहि विषमज्वरासाठीं राखून ठेवण्याजोगें तेंच अ‍ॅझिथ्रोमायसिन घरोघर घेतलें गेलें. येथें गरीब वस्तीकडे बोट दाखवून चालणार नाहीं. चिठ्ठ्या सुशिक्षितांच्या मोबाइलवरूनच एकमेकांकडे फिरत होत्या, आणि उरलेल्या गोळ्या अनेक चांगल्या घरांच्या कपाटांत पडून राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेले आंकडे असे आहेत: रुग्णालयांत दाखल झालेल्या कोविडच्या रोग्यांपैकीं शेंकडा ८ जणांसच जोडीला जंतूंचा संसर्ग झालेला होता, प्रतिजैविकें दिलीं गेलीं तीं मात्र शेंकडा सुमारें ७५ जणांस.

त्या सांथींत सरकारनें जो कायदा लागूं केला तो १८९७ सालचा, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या वेळचाच होता. कायदा आठवला, त्या प्लेगमागून शहरांत झालेली दुसरी एक गोष्ट मात्र कोणास आठवली नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवींत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. हाफकिन यांनीं पुढच्या जानेवारींत स्वतःच्या अंगावर लस टोंचून घेतली, ती कथा सर्वांस ठाऊक आहे. पण १८९८ सालीं कायद्यानें स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची कथा तितकी सांगितली जात नाहीं. ट्रस्टवर टीका करण्यास जागा पुष्कळ आहे: त्यानें प्रारंभीं पाडलें फार व बांधलें थोडें, आणि बेघर झालेली गर्दी शेजारच्या आळींत जाऊन कोंबली गेली. शिवाय प्लेग उंदरांवरच्या पिसवांनीं पसरतो. अंधार आणि कोंदट हवा हें त्याचें कारण, ही त्यावेळची समजूत खरी नव्हती. परंतु चुकीच्या समजुतींतून कधीं कधीं बरोबर उपाय निघतो. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ६३॥ अंशांचा नियम मोठ्या आग्रहानें मांडला. खोलीच्या भिंतीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर ती जमिनीशीं ६३॥ अंशांहून अधिक कोन करतां कामा नये. म्हणजेच समोरची इमारत मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून उंच असूं नये. शाळेच्या भूमितींतला हा नियम. पण तळमजल्यावरच्या खोलींत आकाशाचा तुकडा दिसावा एवढी त्याची माफक मागणी होती. प्लेगचें त्यानें कांहीं बिघडलें नसेल. क्षयाचें बिघडलें असतें, कारण क्षय कोंदट हवेंत एकाच्या श्वासांतून दुसऱ्याच्या छातींत जातो.

क्षयाच्या जंतूनेंच मुंबईचें नांव या इतिहासांत कायमचें लिहून ठेविलें आहे. स्ट्रेप्टोमायसिन एकटें दिलें तर कांहीं महिन्यांतच जंतु निर्ढावतात, हें १९४८ सालीं इंग्लंडांतील प्रयोगानें दिसून आलें होतें. म्हणून क्षयावर नेहमीं अनेक औषधें एकत्र व महिनेच्या महिने द्यावीं लागतात. धारावींत १९९१ सालीं झालेल्या पाहणींत सुमारें शंभर खाजगी डॉक्टरांनीं या एकाच रोगावर ऐंशी तऱ्हांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत १०६ डॉक्टरांनीं ६३ तऱ्हांच्या लिहिल्या. वीस वर्षांत झालेली ही प्रगति! पुढें २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं चार रोग्यांचें वृत्त प्रसिद्ध केलें. तपासलेल्या एकाहि औषधास त्यांचे क्षयजंतु दाद देत नव्हते. सरकारनें प्रथम शब्दावर हरकत घेतली. मात्र २०१२ च्या मे महिन्यांत क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद करणें सक्तीचें झालें, हें त्याच्या पदरांत टाकलें पाहिजे. १ मार्च २०१४ पासून ४६ औषधें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत व दुकानदारानें त्यांची वहींत नोंद ठेवावी, असाहि नियम आला. नियम चांगला आहे. पण चिठ्ठीच ऐंशी तऱ्हांची असेल तेथें वहीनें काय करावें?

कोविडनें याहि कामावर पाणी पाडलें. २०१९ सालीं भारतांत क्षयाचे २४ लाख रोगी नोंदले गेले होते. २०२० सालीं १८ लाख. हे सहा लाख बरे झाले नव्हते. ते घरीं होते, बंद खोल्यांत, कुटुंबासह.

आणि त्या खोल्या कशा आहेत? गोवंडीच्या नटवर पारेख वसाहतींत शहराच्या प्रकल्पांसाठीं हलविलेलीं कुटुंबें राहतात. तेथें आठ मजली इमारती अवघ्या तीन मीटर अंतरानें उभ्या आहेत. ऑरसाहेबांच्या मापानें तीन मीटर जागेसमोर सहा मीटर, म्हणजे दोन मजले शोभले असते. या व शेजारच्या वसाहतींची पाहणी झाली तेव्हां, ज्या खालच्या मजल्यांवर उजेड व वारा कमी, तेथें क्षय अधिक असें आढळून आलें. झोपडींतून पक्क्या घरांत आलेल्या माणसास क्षय व्हावा आणि मग त्याच्यापुढें औषधांची रास ओतावी, हा व्यवहार कोणा व्यापाऱ्यानें केला असता तर त्याचें दिवाळें निघालें असतें.

औषधांच्या बाजूस शोध थांबलेला नाहीं. बेडाक्विलिन हें नवें औषध २०१६ सालापासून भारतांत मोजक्या ठिकाणीं मिळूं लागलें. २०२३ च्या मार्चांत त्याच्यावरील मक्त्याची मुदत वाढवून देण्यास भारताच्या पेटंट कार्यालयानें नकार दिला. हरकत घेणाऱ्यांत, क्षयाच्याच औषधांनीं श्रवणशक्ति गेलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन या होत्या. त्या औषधाच्या जोरावर पूर्वी दीड-दोन वर्षें चालणारा उपचार सहा महिन्यांवर आला आहे. त्यासहि न जुमानणारे जंतु जगांत आढळूं लागले आहेत. इकडे साकीनाक्याच्या बाजूस झोपड्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. त्यांच्या नकाशांत दोन भिंतींमधील अंतर लिहिलेलें असतें. तें मंजूर करणारें खातें निराळें, आणि क्षयाच्या गोळ्या वांटणारें खातें निराळें.