बंदूक काढली, मग परत बसवली: मिग-21 ची गोष्ट

आमच्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. त्यामुळे गावी गेलो की पारावर पहिला प्रश्न ठरलेला, "इतिहासात पीएचडी, आन् विमानावर?" आणि दुसरा, "मिग म्हंजी ती उडती शवपेटी ना?"

या दुसऱ्या प्रश्नातच गडबड आहे. मिग-21 हे एकच विमान नव्हतं. 1963 मध्ये चंदीगडला मिगची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा आलेल्या एफ-13 प्रकारात 30 मिमीची तोफ होती. पुढचा प्रकार एफएल. तो आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या कारखान्यात बनू लागला. त्यात रडार सुधारलं, पण तोफच काढून टाकली! इथून पुढची लढाई क्षेपणास्त्रांची, असं तेव्हा मॉस्कोतच नव्हे तर वॉशिंग्टनमध्येही धरून चालले होते. अमेरिकेच्या फँटममध्येही सुरुवातीला तोफ नव्हती.

प्रत्यक्षात उष्णतेचा माग काढणारं के-13 क्षेपणास्त्र फार जवळून डागता येत नसे. शत्रूने झपकन वळण घेतलं की नेम गेलाच. मग उपाय काय? ट्रॅक्टरला मागे नांगर जोडतो ना, तशी एफएलच्या पोटाखाली 23 मिमीची दुनळी तोफ असलेली पेटी जोडली. नाव जीपी-9. पण ती जागा जादा इंधनाच्या टाकीची. म्हणजे तोफ घ्या नाहीतर लांब जा. वैमानिकाला दर वेळी यातलं एक सोडावं लागे. 12 डिसेंबर 1971 ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं, ते या तोफेनं. दोनच दिवसांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिगनी रॉकेटं डागली. हवेतल्या लढतीसाठी आणलेलं विमान जमिनीवर मारा करत होतं.

युद्धानंतर ओझरला बनलेल्या 'एम'मध्ये तोफ कायमची आत गेली आणि पंखांखाली दोनऐवजी चार टांगण्या आल्या. वजनही वाढलं. म्हणून 'बिस'ला जास्त ताकदीचं इंजिन. यातल्याच काही बिसना नंतर नवं रडार बसवून 'बायसन' केलं, ते 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडलाच निवृत्त झाले.

तेव्हा पारावर कुणी शवपेटी म्हणालं, की मी आधी विचारतो: कोणतं मिग? एफएल, एम की बिस? आणि कोणत्या साली?