सहीआधी की सहीनंतर?

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये एका व्यापारी करारावर सह्या झाल्या. वाटाघाटी केल्या होत्या पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री आंद्रादे कोर्वो आणि ब्रिटनचे तिथले वकील रॉबर्ट मोरियर यांनी. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठवायची, मुरगाव बंदरापासून घाटापर्यंत रेल्वे बांधायची आणि बदल्यात गोव्याच्या मिठावर आणि दारूवर ब्रिटिश दराने कर बसवायचा, असा तो सौदा. मिठाचे उत्पादन आणि विक्री ब्रिटिश मीठखात्याच्या देखरेखीखाली गेली. गोवा सरकारला भरपाई म्हणून वर्षाला चार लाख रुपये मिळणार होते.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या धोरणावर लोकप्रतिनिधींनी प्रश्न विचारायचे, सरकारला जाब द्यायला लावायचे, ही रीत कुठून आली याचा शोध घेताना बहुतेक जण लंडन किंवा दिल्लीपासून सुरुवात करतात. मला ती या करारापासून करावीशी वाटते. कारण त्याचा भार ज्यांच्या डोक्यावर पडला ती माणसे पेडणे-डिचोलीसारख्या मुलखातली होती, आणि त्यांच्या नावाने होकार देणारे सभागृह हजारो मैलांवर होते.

पेडण्यातल्या आगरवाड्याचे मीठ आजही नावाजलेले आहे. दिवाळीनंतर बांध दुरुस्त करायचे, चिखल तुडवून तळ घट्ट करायचा, भरतीचे पाणी एका खणातून दुसऱ्या खणात खेळवत दाट करायचे आणि उन्हे तापली की लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून बांधावर ढीग घालायचे. एक अवकाळी पाऊस आला की हंगाम गेला. या कामात कुटुंबे राबतात आणि नफा बोटभर असतो. त्या काळी गोव्याचे हे स्वस्त मीठ बैलांच्या तांड्यांनी घाट चढून जात असे. ब्रिटिशांची पोटदुखी नेमकी तीच होती, कारण त्यांच्या हद्दीत मिठावर जबर कर होता आणि गोव्याचे मीठ चोरवाटांनी आत येऊन तो बुडवत होते. करार झाला आणि स्वतः मीठ पिकवणाऱ्या गोवेकराला आपल्याच आगराचे मीठ ब्रिटिश कर भरून घ्यावे लागले. लहान आगरे बंद पडली. माडाची सुर काढणाऱ्या रेंदेरांवर अबकारीचा बोजा असाच वाढला.

पेडणे आणि डिचोली हे मूळचे सावंतवाडीकडचे महाल, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेलेले. सोयरीक, देवदेवस्की, बाजार सगळे तेरेखोल नदीच्या दोन्ही अंगांना. सावंतवाडी संस्थानचा जकातीचा हक्क १८३८ सालीच ब्रिटिशांनी आपल्याकडे घेतला होता, म्हणजे ती नदी दोन सत्तांची जकातरेषा झाली होती. १८८० च्या जानेवारीत करार अमलात आला तेव्हा ही रेषा पुसली गेली, आणि बारा वर्षांची मुदत संपून १८९२ च्या जानेवारीत करार लयाला गेला तेव्हा ती पुन्हा उमटली. दोन्ही वेळा पेडणेकरांना कुणी विचारले नाही.

पण कुणालाच विचारले नाही असेही नाही, आणि कुळकथा खरी इथे सुरू होते. पोर्तुगालच्या १८२६ च्या सनदेत करार करण्याचा अधिकार राजाचा होता. तो झाल्यावर संसदेला, म्हणजे कोर्तिशला, कळवायचा, तेही राज्याच्या हिताला बाधा येत नसेल तर. १८५२ साली या सनदेला पुरवणी कायदा जोडला गेला. त्याच्या दहाव्या कलमाने हे उलटे केले: परकीय सत्तेशी केलेला प्रत्येक करार पक्का होण्याआधी कोर्तिशने मंजूर केला पाहिजे. त्या कोर्तिशमध्ये गोव्याचे निवडून गेलेले प्रतिनिधी बसत. म्हणजे आजच्या भारताच्या भूमीपैकी गोव्यात तरी, व्यापारी कराराला सहीनंतर पण अंमलाआधी संसदेचा होकार लागतो, हे तत्त्व १८५२ पासून कायद्यात होते. शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा कायदेमंडळात साधा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. ती मर्यादित स्वरूपात आली १८९२ च्या कायद्याने, गोव्याचा करार संपला त्याच वर्षी.

मात्र त्या दहाव्या कलमात आणखी दोन शब्द होते: गुप्त बैठकीत. मंजुरी द्यायची ती दारे लावून. ज्याच्या मिठावर कर बसणार त्याला आपल्या प्रतिनिधीने काय विचारले, मंत्र्याने काय उत्तर दिले, हे कळण्याची वाटच नव्हती. मतदानाचा हक्क मूठभरांना. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पेडणे-डिचोलीसारख्या नंतर जोडलेल्या महालांतल्या, मराठी-कोकणी बोलणाऱ्या हिंदू कुळांपर्यंत तो फारसा पोचलेला नव्हता. त्यात अंतर. १८२२ साली गोव्याने बेर्नार्दु पेरिश द सिल्व यांच्यासह तीन प्रतिनिधी निवडून पाठवले, पण ते लिस्बनला पोचेपर्यंत तिथली संसदच बरखास्त झाली होती. पुढे १८६१ पासून नावेलीच्या फ्रान्सिस्कु लुईश गोमिश यांनी त्याच सभागृहात गोव्याची बाजू मोठ्या हिरीरीने मांडली, पण ते १८६९ मध्येच वारले. मिठाचा करार आला तेव्हा तो आवाज नव्हता.

तत्त्व मिळाले, उजेड मिळाला नाही. या वंशावळीतली ही पहिली पिढी.

दुसरी पिढी दिल्लीची. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ओटावा इथे साम्राज्यांतर्गत सवलतींचा करार झाला आणि तो मध्यवर्ती कायदेमंडळापुढे आला. चर्चा झाली, प्रवर समितीने तपासला, आणि काही वर्षांनी फेरविचार व्हावा या अटीवर तो मान्य झाला. फेरविचाराची वेळ आली तेव्हा, १९३६ च्या मार्चमध्ये, सभागृहाने करार संपवावा असा ठराव केला. सरकारने तो मानला आणि ब्रिटनला नोटीस दिली. परकी सत्तेच्या छायेतल्या अर्ध्यामुर्ध्या कायदेमंडळाने एक आंतरराष्ट्रीय व्यापारी करार मोडायला लावला! आपल्या शाळेतल्या इतिहासात ही गोष्ट येत नाही याचे मला फार वाईट वाटते. १९३९ मध्ये त्या जागी आलेला नवा करारही सभागृहाने फेटाळला. तेव्हा मात्र व्हाइसरॉयने खास अधिकार वापरून तो रेटला. तिथे दारे उघडी होती, भाषणे छापली जात होती, पण शेवटचा शब्द सभागृहाचा नव्हता.

स्वतंत्र भारताच्या घटनेत करार करण्याचे काम केंद्र सरकारच्या कार्यकारी अधिकारात आहे. कराराला संसदेची मंजुरी हवी, असे कुठे लिहिलेले नाही. कराराच्या अंमलासाठी कायदा करायचा झाला तर कलम २५३ प्रमाणे तो संसद करते, आणि विषय राज्यांच्या सूचीतला असला तरी करू शकते. शेती राज्याचा विषय, दारू राज्याचा विषय. म्हणजे काजू आणि फेणी यांच्याबद्दल परदेशाशी काही ठरले तर गोवा विधानसभेला त्यात बोलण्याचा हक्क नाही. लोकसभेत गोव्याचे निवडून आलेले खासदार १९६३ च्या निवडणुकीनंतर बसू लागले, उत्तरेतून पीटर आल्वारिस आणि दक्षिणेतून मुकुंद शिंक्रे. तेव्हापासून दोन जागा, आणि आता राज्यसभेची एक.

संसदेच्या हाती खरे हत्यार आले एप्रिल १९९३ मध्ये, खात्यांना जोडलेल्या स्थायी समित्या सुरू झाल्या तेव्हा. वाणिज्य समितीचे अध्यक्ष इंदर कुमार गुजराल होते आणि समितीपुढे आलेला मोठा विषय होता जागतिक व्यापार कराराचा डंकेल मसुदा. आपल्याकडे त्या वेळी घराघरांत वाद झडत होते. शेतकरी नेते शरद जोशी मसुद्याच्या बाजूने, डावे आणि स्वदेशीवाले विरुद्ध. समितीने शेती आणि पेटंटच्या कलमांवर बोट ठेवले. तरीही १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेशला त्या करारावर सही झाली. अहवाल सल्ल्यापुरताच असतो. पुढे पेटंट कायदा बदलणारे विधेयक राज्यसभेत अडकले आणि सरकारला काही वर्षे थांबावे लागले. संसदेने अडवले ते सहीनंतर, आणि त्याची किंमत म्हणून जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने भरलेला दावा भारत हरला.

त्याच कराराच्या पोटातून १९९९ चा भौगोलिक निर्देशनाचा कायदा आला, आणि २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला त्याखाली नोंदणी मिळाली. हे मान्य केलेच पाहिजे की त्या करारात वाइन आणि मद्यांना इतर मालापेक्षा जास्त संरक्षण आहे. डोंगरउतारावर बोंडू गोळा करायचे, तुडवून रस काढायचा, मडक्यात आंबवून भाटीवर चढवायचा, पहिल्या ऊर्ध्वपातनाचा हुर्राक, दुसऱ्याची फेणी. या कष्टाच्या नावाला परदेशात कायद्याचे कवच मिळू शकते ते त्या कलमामुळे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झाला तेव्हा त्याचे फायदे सांगताना फेणीचेही नाव घेतले गेले.

पण बोंडूखाली बी असते, आणि बागायतदाराचे वर्ष बीच्या दरावर चालते. ८ एप्रिल २००८ रोजी भारत-आफ्रिका परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अतिमागास देशांच्या मालाला शुल्कात सवलत जाहीर केली. त्या मालाच्या यादीत काजू होता. सवलत अधिसूचनेने अमलात आली. गरीब देशांना हात द्यावा याला माझा विरोध नाही. बेनिनचा काजूवालाही कष्टाचेच खातो. पण कारखान्यात येणारी स्वस्त आयात बी पेडणे-डिचोलीतल्या मोपा, वारखंड किंवा मयेच्या बीचा दर कुठे नेईल, हे आधी कुणी मोजले का, हा प्रश्न कुठल्या सभागृहात, कुठल्या दिवशी विचारायचा होता?

तो विचारला तर काय होते याचा दाखला डिचोलीच्या खाणींनी दिला आहे. २००७ च्या अर्थसंकल्पात लोहखनिजाच्या निर्यातीवर टनाला ३०० रुपये शुल्क बसले. गोव्याचा माल हलक्या ग्रेडचा, त्याला हे झेपणारे नव्हते. शुल्क वित्त विधेयकाबरोबर आले होते, म्हणून त्यावर बोलता आले, आणि मे महिन्यात अर्थमंत्री चिदंबरम यांनी ६२ टक्के आणि त्याखालच्या लोहाच्या चुऱ्यावर ते ५० रुपयांवर आणले. २०२२ मध्ये वेगळे घडले. २१ मे रोजी अधिसूचना निघाली. ५८ टक्क्यांखालच्या ज्या मालावर शून्य शुल्क होते त्यावर एका रात्रीत ५० टक्के आले. १९ नोव्हेंबरला ते तसेच अधिसूचनेने गेले. अशा अधिसूचना संसदेच्या पटलावर ठेवाव्या लागतात हे खरे, पण तोवर परदेशी गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते.

खाण चांगली की वाईट, हा वाद मी इथे घेत नाही. डिचोलीच्या शेतांत उतरलेला गाळ आणि आटलेल्या विहिरी मला ठाऊक आहेत, आणि २०१२ पासून बंद-सुरूच्या फेऱ्यात उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या कर्जाचे हप्तेही. या मालाची परदेशी विक्री कोणत्या अटींवर व्हावी हे ठरवताना दोन्ही बाजूंना बोलता आले पाहिजे, आणि ते अधिसूचनेत शक्य नसते.

ब्रिटनमध्ये १९२४ साली आर्थर पॉन्सनबी यांनी सुरू केलेला पायंडा असा की झालेला करार पक्का करण्याआधी संसदेपुढे बैठकीचे २१ दिवस ठेवायचा. २०१० मध्ये त्याचा कायदा झाला. युरोपीय संसदेला व्यापारी करारांवर होकार-नकाराचा अधिकार मिळाला तो २००९ पासून, ज्या कराराने मिळाला त्यावर सह्या पुन्हा लिस्बनलाच झाल्या होत्या. आपल्याकडेही घटनेच्या आढाव्यासाठी नेमलेल्या वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये करार करण्याच्या अधिकाराचे नियमन संसदेने कायद्याने करावे असे सुचवले. तो कायदा अजून झालेला नाही.

आज जी वाट उघडी आहे ती वाणिज्य समितीची. ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. गोव्याचे खासदार तीनच, त्यांपैकी कुणी तिथे असेलच असे नाही. समितीचे कामकाज आजही बंद दाराआड चालते, अहवाल मात्र छापून येतो आणि सरकारला त्यावर काय केले ते कळवावे लागते. समिती एखादा विषय हाती घेते तेव्हा जाहिरात देऊन लेखी निवेदने मागवते. ते निवेदन कुणीही पाठवू शकतो. पेडण्याच्या काजू बागायतदारांनी, आगरवाड्याच्या मीठवाल्यांनी, डिचोलीच्या ट्रकमालकांनी आणि खाणीखालच्या शेतकऱ्यांनी ते पाठवावे, आणि त्यात एक मागणी नक्की घालावी: ज्या करारात किंवा शुल्क सवलतीत आमचा माल आहे, तिचा मसुदा सहीआधी संसदेच्या पटलावर आणि गोवा विधानसभेच्या पटलावर किमान २१ दिवस ठेवा, आणि त्यावरची चर्चा मराठीत आणि कोकणीत उपलब्ध करा.