उंचावरच्या पट्ट्याची कुळकथा

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं काम 1933 मध्ये सुरू झालं, तेव्हा अमेरिकेत पूल बांधणाऱ्यांचा एक हिशेब ठरलेला होता : दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांना तो मान्य नव्हता. 1936 मध्ये त्यांनी पुलाखाली दोराचं भलंमोठं जाळं बांधून घेतलं. त्यासाठी सव्वा लाख डॉलरांहून जास्त खर्च आला. त्या जाळ्यात पडलेले 19 कामगार वाचले. 17 फेब्रुवारी 1937 रोजी कित्येक टन वजनाचं कामाचं मचाण तुटून जाळ्यावर कोसळलं, जाळं फाटलं आणि दहा जण एकाच दिवशी गेले. तरीही साडेतीन कोटी डॉलरांच्या त्या पुलावर एकूण मृत्यू 11 झाले.

पण जाळं सगळीकडे बांधता येत नाही. विजेच्या खांबावर चढणाऱ्या तारवाल्याकडे होता तो फक्त कमरेचा पट्टा. त्याचं मूळ काम वेगळं : खांबाला रेलून उभं राहता यावं, दोन्ही हात मोकळे राहावेत. पुढे पडणाऱ्याला झेलण्याचं कामही त्याच पट्ट्यावर आलं आणि तिथे तो कमी पडला. झटक्याचा सगळा जोर पोटावर आणि कण्यावर यायचा. पट्टा वर सरकून बरगड्यांखाली रुतायचा. डोकं खाली झालं तर माणूस त्यातून निसटायचाही.

यावरचं उत्तर पॅराशूटवाल्यांना आधीच सापडलं होतं. त्यांचे पट्टे (हार्नेस) खांद्यांवरून आणि दोन्ही मांड्यांभोवतून जायचे, म्हणजे झटका सोसायला शरीरातली सगळ्यात दणकट हाडं आणि स्नायू पुढे व्हायचे. गिर्यारोहकही कमरेला नुसता दोर बांधणं सोडून त्याच वाटेने गेले. 1970 च्या अन्नपूर्णा दक्षिण भिंतीच्या मोहिमेसाठी डॉन व्हिलन्स यांनी बेतलेला मांड्यांचा हार्नेस त्यातूनच पुढे गाजला. बांधकामावर हा बदल उशिरा आला. पडणाऱ्याला झेलण्यासाठी कमरपट्टा वापरायला अमेरिकेने 1 जानेवारी 1998 पासून बंदी घातली.

हार्नेसच्या दोरीला एक छोटी पुडी असते. तिच्यात घड्या घालून शिवलेली पट्टी असते. माणूस पडला की शिवण टरटर उसवत जाते आणि झटका विभागला जातो. शंभर किलोचा माणूस 1.8 मीटर पडून दहा सेंटीमीटरमध्ये थांबला, तर अंगावर सरासरी 1900 किलोइतका जोर येतो. तोच एक मीटरमध्ये थांबला, तर 280 किलोइतका. एकदा उसवलेली पुडी पुन्हा कामाची नाही. झटका खाल्लेला हार्नेस बाद करायचा असतो.

या उसवण्याला जागा मात्र लागते. दोन मीटरची दोरी, उसवलेली पट्टी, लटकणाऱ्या माणसाची उंची आणि थोडी शिल्लक धरली, तर दोरीच्या टोकाचा हुक अडकवला असेल त्याच्या खाली साधारण सहा मीटर मोकळे हवेत. पहिल्या मजल्यावर पायाशी हुक अडकवलेला माणूस हार्नेस घालूनही जमिनीवर आपटतो. म्हणून हुक डोक्याच्या वर हवा आणि तो धरणारा आधार खरोखर भक्कम हवा. अमेरिकन नियमात त्याची ताकद माणशी 5000 पौंड सांगितली आहे. लटकलेल्या माणसाला लगेच उतरवण्याची तयारीही हवी, कारण निश्चल लटकलं की रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडे हार्नेससाठी आयएस 3521 हे मानक आहे आणि बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये कायदाही झाला. तरी साइटवर बेल्ट अंगावर आणि हुक कमरेशी लोंबकळतोय, किंवा परांचीच्या बांबूलाच अडकवलाय, हे दृश्य नेहमीचं. दोष लगेच कामगाराला दिला जातो. पण स्ट्राउस यांच्या जाळ्याची जबाबदारी बांधणाऱ्यांची होती; हार्नेस आला आणि ती कामगाराच्या अंगावर चढवली गेली. हुक अडकवायला जागाच ठेवली नसेल, तर त्याने तो अडकवायचा कुठे? ठेकेदारांनी, इंजिनिअरांनी आधी कठडा बांधावा, जिथे शक्य तिथे जाळं लावावं आणि बेल्ट देण्याआधी हुक अडकवायला डोक्यावरची जीवनदोरी ताणून ठेवावी. ती नसेल तिथे माणूस वर चढवूच नये.