गोमसूरीचें बनावट संस्कृत प्रमाण

मुलांस देवी टोचण्यास आईबापांनीं जो विरोध केला, त्यास निव्वळ अज्ञान म्हणून चालणार नाहीं. जेन्नरची लस मुंबईस पोंचून ता. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. पुढें एका मुलाच्या दंडावरील फोडांतून लस काढून ती दुसऱ्यास टोचीत. परक्या अंगचें द्रव्य आपल्या लेकराच्या रक्तांत घालावयाचें, आणि आठवड्यानें त्याचाहि फोड दुसऱ्यासाठीं फोडूं द्यावयाचा. शिवाय शीतलेच्या कोपाचें भय. कोणतें घर हें राजीखुशीनें पत्करील?

या विरोधावर योजिलेली युक्ति हस्तलिखितसंग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मद्रासचा अधिकारी एलिस यानें लसीवर संस्कृत पद्यें रचून तीं जुन्या कागदावर उतरविलीं व तीं सांपडल्याचें भासविलें, अशी माल्कमची साक्ष आहे. १८१९ सालीं 'मद्रास कूरियर' पत्रांत धन्वंतरीच्या नांवावर असेंच एक प्रमाण प्रसिद्ध झालें. त्यांत गायीच्या कासेवरील फोड, मनुष्याचा दंड, शस्त्राचें टोंक, सर्व कांहीं जेन्नरच्या पद्धतीबरहुकूम! माधवनिदानांत मसूरिकेचें स्वतंत्र प्रकरण आहे, भावप्रकाशांत शीतलेचेंहि वर्णन आहे. गायीच्या लसीचा मात्र तेथें मागमूस नाहीं. तरीहि पुढील कित्येकांनीं तें प्रमाण खरें मानिलें. डॉ. वुजास्टिक यांनीं १९८७ सालीं त्याची साधार छाननी केली.

आईबाप या श्लोकांनीं वळले असें दिसत नाहीं. मुंबई शहरांत १८७७ च्या कायद्यानें, व इतरत्र निवडक नगरपालिका व छावण्यांतून १८८० च्या कायद्यानें, सक्ती करावी लागली. ज्यांच्या दप्तरांत अशा श्लोकांचें एखादें पान असेल, त्यांनीं कागद व अक्षरवळण यांच्या वर्णनासह त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी.